रिपोर्टवरचं नाव : डॉ. फर्नां विडाल

आपल्या हॉस्टेलमध्ये विडाल हे नाव न ऐकलेला एकही जण सापडणार नाही. दोन दिवस अंग तापलं की रूम पार्टनर कपाळाला हात लावून बघते, तिसऱ्या दिवशी मेसचं ताट तसंच परत जातं आणि चौथ्या दिवशी आपण कुठल्यातरी लॅबच्या बाकड्यावर बाही वर करून बसलेलो असतो. संध्याकाळी एक पातळसा कागद हातात येतो. त्यावर टी.ओ., टी.एच., ए.एच., बी.एच. अशी चार नावं आणि त्यांच्यापुढे १:८०, १:१६० असले आकडे. खाली लिहिलेलं असतं, विडाल पॉझिटिव्ह. म्हणजे टायफॉइड. म्हणजे मुगाची खिचडी, सलाईन आणि सबमिशनला मुदतवाढ!

मला बारावीपर्यंत वाटायचं की विडाल हा एलायझासारखा काहीतरी शॉर्टफॉर्म असणार. एकदा मामाला विचारलं, तर त्याने संस्कृतात बिडाल म्हणजे मांजर असं सांगून मला आणखीनच गोंधळात टाकलं. विडाल हा हाडामांसाचा माणूस होता हे मला फार उशिरा कळलं, आणि ज्या प्रसंगामुळे कळलं तो काही चांगला नव्हता.

पुढे जाण्याआधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. गाव सुलतानपूर, बुलढाणा जिल्हा. लोणारचं सरोवर सगळ्यांना माहीत असतं, त्याच लोणार तालुक्यातलं आमचं गाव. घरी मराठी आणि शाळेत सगळं इंग्रजी, त्यामुळे एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजूनही अडखळते आणि आजी तोंडाला पदर लावून हसते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

तर तो प्रसंग. मी सेकंड इयरला असताना माझ्या रूम पार्टनरला ताप आला. सप्टेंबर महिना, पाऊस नुकताच उघडलेला. जवळच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. विडाल पॉझिटिव्ह, १:८०. हॉस्टेलमध्ये त्या महिन्यात आधीच तिघींना टायफॉइड निघाला होता, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. रेक्टर मॅडमनी घरी कळवायचं का असं विचारलं, तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं की काही नाही मॅडम, साधा टायफॉइड आहे, आम्ही बघतो. पाचव्या दिवशी ताप उतरला. आम्ही खूश. पण ती मात्र जास्तच गळून गेली. पोट दुखतंय म्हणाली, उलट्या सुरू झाल्या. रात्री दीड वाजता तिला सरकारी दवाखान्यात हलवलं तेव्हा प्लेटलेट्स वीस हजारांच्या खाली गेल्या होत्या. तो टायफॉइड नव्हताच. डेंग्यू होता. आणि डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच खरी धोक्याची वेळ सुरू होते, हे आम्हा शहाण्यांना कुठे माहीत!

ती वाचली. आज ती याच मासिकात दुसऱ्या पानावर कुठेतरी कविता देऊन बसली असेल. पण दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात बसून मी तो १:८० लिहिलेला कागद शंभर वेळा उलटसुलट करून बघितला. एवढी फसवी टेस्ट काढली तरी कुणी, या रागातून मी लायब्ररीत विडालचं चरित्र शोधायला गेले. वाचता वाचता राग निवळला. पुढे जे लिहिलंय ते त्या माणसाबद्दल आहे.

फर्नां विडाल यांचा जन्म ९ मार्च १८६२ रोजी अल्जीरियातल्या देल्लिस नावाच्या गावी झाला. अल्जीरियावर तेव्हा फ्रान्सचं राज्य होतं आणि वडील फ्रेंच सैन्यात डॉक्टर होते. कुटुंब ज्यू. (फ्रेंच लोक आडनाव विदाल असं म्हणतात. पण आपल्याकडे लॅबवाल्यांनी त्याचं विडाल करून टाकलंय, म्हणून मीही तेच लिहिते.) मुलगा पॅरिसला मेडिकलला गेला आणि मग आयुष्यभर पॅरिसचाच झाला.

तो काळ लक्षात घ्या. पाश्चर आणि कॉख यांनी जंतूंमुळे रोग होतात हे नुकतंच सिद्ध केलेलं. दर वर्षी एखादा नवा जंतू सापडायचा. टायफॉइडचा जंतू एबर्ट यांनी १८८० मध्ये रोग्यांच्या अवयवांत पाहिला, १८८४ मध्ये गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. आपल्याकडे सध्या कोडिंग शिकणाऱ्यांची जी स्थिती आहे, ती त्या वेळी पॅरिसमध्ये जंतुशास्त्र शिकणाऱ्या पोरांची होती. सगळं नवीन, आणि जो रात्र जागेल त्याच्या हाताला काहीतरी लागणार.

विडाल जागले. आंद्रे शांतमेस या थोड्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याबरोबर ते टायफॉइडच्या मागे लागले. १८८८ मध्ये या दोघांनी उंदरांना उष्णतेने मारलेले टायफॉइडचे जंतू टोचले आणि नंतर जिवंत जंतू टोचले, तर ते उंदीर टिकले. मेलेला जंतूसुद्धा शरीराला लढायला शिकवतो, हे त्यातून दिसलं. पुढच्या टायफॉइडच्या लसीचं बी इथे पडलं होतं. १८८९ मध्ये विडाल यांनी डॉक्टरेटचा प्रबंध दिला तो मात्र बाळंतरोगावर. बाळंतिणींना होणारा जीवघेणा ताप आणि त्वचेला होणारा धावरे हे वेगवेगळे दिसणारे आजार एकाच स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूमुळे होतात, असं त्यांनी दाखवलं. वय वर्षं सत्तावीस. (आपण सत्ताविसाव्या वर्षी बॅकलॉग काढत असू.)

आता टायफॉइडकडे वळू. आजीच्या भाषेत याला मुदतीचा ताप म्हणतात. पुस्तकी मराठीत विषमज्वर. मुदतीचा, कारण तो तीन-चार आठवड्यांची आपली मुदत पुरी केल्याशिवाय जायचा नाही, आणि औषध नसलेल्या त्या काळात दहातला एखाद-दुसरा रोगी सोबत घेऊन जायचा. जंतू दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो, आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतो आणि प्लीहा, यकृत, अस्थिमज्जा इथे घर करतो. शेवटी आतड्याला भोक पडून माणूस दगावतो. आणि गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यात तो ओळखताच येत नाही. नुसता ताप, डोकेदुखी, जिभेवर पांढरा थर. मलेरिया असाच दिसतो, टायफस असाच दिसतो. टायफॉइड या शब्दाचा अर्थच मुळी टायफससारखा असा आहे. म्हणजे नावातच डॉक्टरांचा गोंधळ लिहून ठेवलाय.

मग खात्री कशी करायची? त्या वेळी काही डॉक्टर रोग्याच्या प्लीहेत सुई घालून तिथला रस काढायचे आणि त्यात जंतू वाढतात का ते बघायचे. आधीच सुजलेल्या प्लीहेत सुई! रोगापेक्षा तपासणीची भीती जास्त.

इथे १८९६ साल येतं. या वर्षाच्या सुरुवातीला व्हिएन्नामध्ये माक्स ग्रुबर आणि त्यांचा इंग्रज विद्यार्थी हर्बर्ट डरहॅम यांनी एक गोष्ट जाहीर केली. एखाद्या जंतूविरुद्ध तयार झालेलं रक्तद्रव्य, म्हणजे सीरम, त्याच जंतूंच्या पाण्यात टाकलं की एरवी सुटे सुटे पोहणारे जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. दुधात लिंबू पिळल्यासारखं. याला ॲग्लुटिनेशन म्हणतात. ग्रुबर यांना याचा उपयोग जंतू ओळखायला करायचा होता. हातात ओळखीचं सीरम असेल, तर अनोळखी जंतू कोणता हे कळेल.

विडाल यांनी हे समीकरण उलटं केलं. त्यांच्याकडे जंतू ओळखीचा होता, रोगी अनोळखी होता. मग ओळखीच्या जंतूंवर अनोळखी रोग्याचं सीरम टाकलं तर? गुठळ्या झाल्या तर या माणसाच्या रक्ताने टायफॉइडशी आधीच ओळख करून घेतलीय असा अर्थ होईल. आपल्या भाषेत सांगायचं तर तेच इक्वेशन, फक्त नोन आणि अननोन यांची अदलाबदल. पेपरमध्ये असं सुचलं असतं तर किती मार्क वाचले असते!

पण यात एक अडचण होती. रक्तात हा गुण रोग बरा झाल्यावर येतो, तो प्रतिकारशक्तीचा भाग आहे, अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती. तसं असेल तर तपासणीचा उपयोग काय? रोगी बरा झाल्यावर किंवा गेल्यावर निदान करून कुणाचं भलं होणार? विडाल यांनी वाट न बघता अंथरुणात तापाने फणफणणाऱ्या रोग्यांचंच रक्त घेतलं. बोटाला टोचून काढलेले चार थेंब. एक भाग सीरम, साधारण दहा भाग जंतूंचं ताजं द्रावण, आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा. काही मिनिटांत वळवळणारे जंतू मंदावले, जवळ आले, त्यांची बेटं झाली. ताप चालू असतानाच! निरोगी माणसाचं सीरम टाकलं तर जंतू मजेत पोहत राहिले.

२६ जून १८९६ रोजी पॅरिसमधल्या रुग्णालय-वैद्यांच्या सभेत विडाल यांनी हे सगळं मांडलं आणि या पद्धतीला सेरोडायग्नोस्टिक असं नाव दिलं. म्हणजे रक्तद्रव्यावरून निदान. आज एच.आय.व्ही., कावीळ, डेंग्यू, अगदी कोरोनाच्या अँटिबॉडीज यांच्यासाठी ज्या तपासण्या आपण करतो, त्या सगळ्यांचा खापरपणजोबा म्हणजे ही चार थेंबांची टेस्ट.

भांडण झालंच. ग्रुबर यांचं म्हणणं होतं की मूळ शोध आमचा. त्यांच्याच प्रयोगशाळेत अल्बर्ट ग्रुनबाउम नावाचा तरुण रोग्यांच्या रक्तावर हाच प्रयोग करत होता, पण त्याचा लेख विडाल यांच्यानंतर छापून आला. म्हणून जर्मन भाषेच्या मुलखात या टेस्टला ग्रुबर-विडाल म्हणत राहिले. मला विचाराल तर गुठळीचा शोध व्हिएन्नाचा आणि रोग्याच्या उशाशी बसून तिचा अर्थ लावला तो पॅरिसने. दोघांनाही मार्क द्यायला हवेत.

टेस्ट मात्र वणव्यासारखी पसरली. त्याच वर्षी कॅनडात मॉन्ट्रियलच्या वायट जॉन्स्टन यांनी आणखी एक युक्ती काढली. रक्ताचा थेंब कागदावर वाळवायचा आणि पाकिटात घालून पोस्टाने प्रयोगशाळेकडे पाठवायचा. खेड्यातल्या डॉक्टरला सूक्ष्मदर्शक नको, जंतू वाढवायला नकोत, फक्त पोस्टाचं तिकीट पुरे. ही युक्ती वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. का, ते शेवटी सांगते.

१८९६ हे साल आपल्या महाराष्ट्रालाही विसरता येत नाही. विडाल पॅरिसमध्ये भाषण देत होते त्यानंतर तीनच महिन्यांत मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. तेही ज्यू, तेही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करून आलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पुढे प्लेग कमिशनबरोबर इंग्लंडचे आल्मरॉथ राइट भारतात आले आणि त्यांनी इथल्या सुमारे चार हजार गोऱ्या सैनिकांना टायफॉइडची लस टोचली. लस लागू पडली का हे बघायला राइट काय वापरायचे? रक्तातली तीच गुठळी करण्याची ताकद. पॅरिसच्या त्या चार थेंबांचा धागा असा दोन-तीन वर्षांत आपल्या देशात येऊन पोचला होता.

एवढं नाव झाल्यावर एखादा आयुष्यभर त्याच टेस्टवर सत्कार घेत फिरला असता. विडाल दुसऱ्या कामांना लागले. पॅरिसच्या कोशँ रुग्णालयात ते वर्षानुवर्षं वॉर्डात फिरत राहिले, शिकवत राहिले. मूत्रपिंडाच्या रोगाने अंगावर सूज येते, तिचं कारण त्यांनी शोधलं. आदोल्फ जाव्हाल यांच्याबरोबर १९०३ च्या सुमारास त्यांनी रोग्यांच्या जेवणातलं मीठ कमी केलं तर सूज उतरली, पुन्हा मीठ दिलं तर सूज परत आली. रोज वजन करायचं आणि नोंद ठेवायची, बस्स. म्हणजे आमच्या आजोबांच्या ताटातलं मीठ डॉक्टरांनी बंद केलं आणि त्यावरून घरात महाभारत झालं, त्यालाही हेच गृहस्थ जबाबदार! १९२२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना ॲस्पिरिनची गोळी घेतल्यावर दम्याचा झटका का येतो याचा अभ्यास छापला. दमा, नाकातले कोंब आणि ॲस्पिरिन न सोसणं या त्रिकुटाचं ते वर्णन आजही खरं ठरतं.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. १९१४ च्या शरदात फ्रेंच सैन्यात टायफॉइडची मोठी साथ आली. चिखलाच्या खंदकात पाणी कुठलं शुद्ध असणार? पन्नाशी उलटलेले विडाल लसीच्या कामाला लागले. टायफॉइड आणि त्याची दोन सख्खी भावंडं पॅराटायफॉइड ए आणि बी अशा तिघांविरुद्धची एकत्र लस सैन्यासाठी तयार करणाऱ्यांत ते होते. तरुणपणी उंदरांवर केलेला प्रयोग इतक्या वर्षांनी शिपायांच्या दंडात उतरला. युद्धानंतर, १९१९ मध्ये, ते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सभासद झाले. १४ जानेवारी १९२९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६६.

माणूस गेला, टेस्ट राहिली. पण तशीच राहिली नाही. वाइल आणि फेलिक्स या दोघांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखवलं की अशा जंतूवर दोन प्रकारच्या खुणा असतात. एक शेपटीवरची, एक अंगावरची. जर्मन भाषेत श्वासाच्या वाफेला हाऊख म्हणतात. शेपटीवाले जंतू काचेवर पसरले की गार काचेवर श्वास सोडल्यासारखं धुकं दिसायचं, म्हणून एच. बिनशेपटीचे धुकं करत नाहीत, म्हणून ओने हाऊख, म्हणजे ओ. आपल्या रिपोर्टवरचे टी.ओ. आणि टी.एच. ते हेच. इतक्या वेळा तो कागद पाहिला, पण त्यावर कुणाचा तरी श्वास लिहिलाय हे माहीत नव्हतं.

आता त्या १:८० कडे येऊ. सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं : १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२०. ज्या शेवटच्या नळीत गुठळी दिसते तो आपला आकडा. मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी, त्यामुळे मला यात लगेच आपलं फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल दिसलं. व्हर्निअर कॅलिपर हातात घेतल्यावर सर पहिला प्रश्न काय विचारायचे? झिरो एरर किती? पॅरिसमध्ये १८९६ साली निरोगी माणसाचा झिरो जवळपास झिरोच असेल. पण जिथे टायफॉइड वर्षभर असतो अशा मुलखात आपण लहानपणापासून कुठल्या कुठल्या विहिरीचं आणि टँकरचं पाणी प्यालोय. कुणाला आधी टायफॉइड होऊन गेलाय, कुणी लस घेतलीय, कुणाच्या पोटात त्या जंतूचे भाऊबंद येऊन गेलेत. आपल्या रक्तात आधीच थोड्याफार अँटिबॉडीज असतात. म्हणजे आपल्या कॅलिपरला झिरो एरर आहे, आणि प्रत्येक भागात तो वेगळा आहे. तो वजा केल्याशिवाय रीडिंग वाचलं तर काय होणार? माझ्या रूम पार्टनरचं झालं तेच.

एक छोटंसं गणित करून बघा. आकडे माझे, फक्त समजण्यापुरते. समजा तापाचे १०० रोगी आले, त्यांतल्या १० जणांना खरा टायफॉइड आहे. टेस्टने त्यांतले ७ पकडले. उरलेल्या ९० जणांपैकी १८ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवलं. झाले २५ पॉझिटिव्ह, आणि त्यांतले खरे फक्त ७. बाकीचे १८ जण गोळ्या खात बसणार, ज्यांची गरजच नव्हती. त्यांच्यातच कुणी डेंग्यूवाली असेल.

म्हणून जाणकार डॉक्टर एका विडालवर विसंबत नाहीत. पहिल्या आठवड्यात तर ती बहुधा येतच नाही, कारण अँटिबॉडीज तयार व्हायला वेळ लागतो. दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा केली आणि आकडा चौपट चढला तरच तिला खरा अर्थ. खात्रीसाठी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतूच वाढवून बघायचा, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. त्याला दोन-तीन दिवस लागतात, पैसे जास्त लागतात आणि तेसुद्धा साधारण निम्म्या-अर्ध्याच रोग्यांना पकडतं. नव्वदच्या दशकात मलेशियात टायफिडॉट नावाची झटपट टेस्ट निघाली, पण तीही पूर्ण भरवशाची नाही. विडाल यांच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी पहिल्याच दिवशी, स्वस्तात आणि खात्रीने टायफॉइड सांगेल अशी रक्ततपासणी अजून कुणाला जमलेली नाही. सेन्सरवाल्यांनो, बायोमेडिकलवाल्यांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडता ना? हा घ्या!

दुसरी बाजूही सांगायला हवी. टेस्ट सुधारत नसेल तर रोगच कमी करता येतो. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने टायफॉइडच्या नव्या कॉन्ज्युगेट लसीची मोहीम घेतली आणि एक लाखाहून जास्त मुलांना लस दिली. सरकारी पातळीवर ही लस देण्याची ही जगातली पहिलीच मोहीम होती. पहिली, आणि ती आपल्या महाराष्ट्रात! मला तर हे वाचून कॉलर ताठ करावीशी वाटली, पण कुर्त्याला कॉलर नव्हती.

आता आजीची गोष्ट, जी मी शेवटी सांगते म्हटलं होतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी आजीला हे सगळं सांगत बसले. पॅरिस, उंदीर, चार थेंब. ती कापसाच्या वाती वळत ऐकत होती. आमच्या घरात माझ्या बाबांच्या आधी एक मुलगा होता, हे मला माहीत होतं. त्याचा फोटोसुद्धा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी, आठ वर्षांचा असताना, तो मुदतीच्या तापाने गेला. वीस दिवस ताप होता. कुणी मलेरिया म्हटलं, कुणी बाहेरचं म्हटलं, अंगारा लावला. निदान झालं तोवर पोट फुगलं होतं. बाबा तेव्हा आजीच्या मांडीवर होते.

आजीने वाती खाली ठेवल्या आणि विचारलं की ती रक्ताची तपासणी तेव्हा निघाली होती का. मी सांगितलं, हो. केव्हा? मी मनात वजाबाकी केली. तो जाण्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षं आधी. आणि टायफॉइडवर चालणारं क्लोरॅम्फेनिकॉल हे औषधही १९४८ पासून होतं. आकडा मोठ्याने सांगायची माझी हिंमत झाली नाही. लई आधी, एवढंच म्हणाले. ती काही बोलली नाही. पुन्हा वाती वळायला लागली.

कागदावर वाळलेला रक्ताचा थेंब पोस्टाने पाठवायची युक्ती १८९६ मध्येच निघालेली. आमच्या गावातून पत्र बुलढाण्याला जात होतंच की. थेंब तेवढा कुणी पाठवला नाही.

एका घरात टेस्ट पोचली नाही म्हणून पोर गेलं, आणि पन्नास वर्षांनी त्याच घरातल्या पोरीने टेस्ट न समजता वापरली म्हणून मैत्रीण जाता जाता वाचली. यात विडाल यांचा काय दोष? त्यांनी त्यांच्या रोग्यांना बघून, त्यांच्या शहरात, त्यांच्या काळात एक चांगलं उपकरण बनवलं. ते कुठे चालतं आणि कुठे नाही हे वाचायचं काम आपलं होतं. मॅन्युअल न वाचता मशीन सुरू केलं की फ्यूज उडणारच, हे तर आपल्याला वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी सांगतात.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने सगळ्यांना तीन विनंत्या. ताप तीन दिवसांच्या पुढे गेला तर फक्त विडाल करून थांबू नका. डॉक्टरांना ब्लड कल्चर, मलेरिया आणि डेंग्यूचं विचारा, आणि गोळ्या सुरू करण्याआधी विचारा. ताप उतरला पण पोरगी गळून गेली असेल, पोट दुखत असेल, उलट्या होत असतील, तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा. आणि तिसरी विनंती हॉस्टेल कमिटीला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण मागच्या पावसाळ्यापासून तुटलेलं आहे. ते एकदा बदलून टाका. तेवढं झालं तरी विडाल यांना श्रद्धांजली वाहिल्यासारखं होईल.

रूम पार्टनरने हा लेख वाचला. तिचं म्हणणं एवढंच, की रेक्टर मॅडमना आपण सगळं बघतो असं परत कधी सांगू नकोस. सांगणार नाही.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन